पिचर केव्हा काढावा? व्हाइट सॉक्सच्या मॅनेजरवरील रागाविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाच्या २०२४ च्या हंगामात गॅरेट क्रोशेसारखा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सामन्यातल्या नऊपैकी चार इनिंग प्रतिस्पर्ध्यांना जखडून ठेवत असे, मॅनेजर त्याला तिथेच थांबवत असे, आणि मग बुलपेनमधून (राखीव पिचर हात गरम करतात त्या जागेतून) येणारे पिचर एकामागून एक सामना घालवत असत. ऑगस्टमध्ये मॅनेजर पेड्रो ग्रिफोलला काढून टाकल्यानंतरही तेच चालू राहिले. मग पिचिंगच्या निर्णयांत मॅनेजरचा दोष किती मानायचा, आणि स्टँडमध्ये बसलेल्या माणसाने तो ओळखायचा कसा?

मी गेली बावीस वर्षे शिकागोच्या पश्चिमेकडील एका उपनगरात शाळकरी मुलांना पिचिंग शिकवतो आहे. व्यावसायिक संघाच्या डगआउटमध्ये, म्हणजे मैदानालगतच्या बाकावर, मी कधी बसलेलो नाही, हे आधीच सांगतो. परंतु थकत चाललेल्या पिचरला आणखी एक फलंदाज खेळू द्यावा की चेंडू हातातून काढून घ्यावा, हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी पडतो आणि त्याचे उत्तर मी अनेकदा चुकलेलो आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की बाहेर जाणाऱ्या पिचरकडे पाहून मॅनेजरची परीक्षा करू नये; आत येणाऱ्याकडे पाहावे, आणि तो केव्हापासून हात मोकळा करू लागला होता याकडे पाहावे. राग धरायचाच असेल तर त्याची जागा तिथे आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची नजर क्रिकेटवर तयार झालेली असते, आणि इथे ती नजर थोडी फसवते. क्रिकेटमध्ये कर्णधाराने गोलंदाजाला चार षटकांनंतर विश्रांती दिली तरी तो तासाभराने दुसऱ्या टोकाकडून परत येऊ शकतो, म्हणजे चूक दुरुस्त होऊ शकते. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. शिवाय २०२० पासून नव्या पिचरने किमान तीन फलंदाजांना सामोरे जावे किंवा ती अर्धी इनिंग संपवावी, असा नियम आहे. त्यामुळे आलेला पिचर पहिल्याच फलंदाजाला फटका खाऊन बसला तरी मॅनेजरला हात बांधून पाहत राहावे लागते. बदल हा असा एकमार्गी असल्यामुळेच तो चुकला की प्रेक्षकाच्या इतका जिव्हारी लागतो.

आता क्रोशेचे पाहू. २०२४ च्या पहिल्या सामन्यात, २८ मार्चला, तो मैदानात उतरला तेव्हा मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये) सुरुवातीचा पिचर म्हणून त्याचा तो पहिलाच सामना होता. त्याआधीच्या सगळ्या कारकिर्दीत मिळून त्याने ७३ इनिंग टाकल्या होत्या, आणि २०२२ मध्ये कोपराचा फाटलेला स्नायुबंध नव्याने बसवणारी टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाल्यामुळे ते संपूर्ण वर्ष त्याने गमावले होते. अशा हाताने २०२४ मध्ये १४६ इनिंग टाकल्या, म्हणजे आधीच्या सर्व वर्षांच्या बेरजेच्या बरोबर दुप्पट, आणि त्यांत २०९ फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले. जुलैपासून त्याला सहसा चार इनिंगपलीकडे जाऊ दिले गेले नाही ते याच कारणाने. हा निर्णय त्या त्या संध्याकाळी डगआउटमध्ये घेतलेला नव्हता. तो वरच्या कार्यालयात, डॉक्टर आणि पिचिंगच्या लोकांबरोबर बसून, आठवड्यांच्या हिशेबाने घेतलेला होता. ग्रिफोल गेल्यावर ग्रेडी सायझमोर हंगामी मॅनेजर झाला आणि त्यानेही क्रोशेला तसेच वापरले, यातच निर्णय कुणाचा होता ते दिसते.

तो निर्णय योग्य होता का? माझ्या मते पूर्णपणे योग्य होता, आणि मी पालक असतो तर हात जोडले असते. २०२५ मध्ये बोस्टन रेड सॉक्सकडून क्रोशेने २०५ इनिंगांहून अधिक मारा केला, २५५ स्ट्राइकआउट घेतले, १८ सामने जिंकले आणि फक्त ५ हरले. जपलेला हात दुसऱ्याच शहराच्या कामी आला, ही शिकागोकरांची जखम खरी आहे. पण ती डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची जखम आहे. चौथ्या इनिंगनंतर त्याला थांबवण्याशी तिचा संबंध नाही.

खरी अडचण क्रोशे बाहेर गेल्यानंतर सुरू होत असे, आणि तिची मुळे फार मागे जातात. जुलै २०२३ ते जुलै २०२४ या एका वर्षात व्हाइट सॉक्सने आपले बुलपेन अक्षरशः विकून रिकामे केले. रेनाल्डो लोपेझ, जो केली, केंडल ग्रेव्हमन आणि कीनन मिडलटन २०२३ च्या उन्हाळ्यातच गेले. त्या नोव्हेंबरमध्ये ॲरन बमर अटलांटाला गेला, पुढच्या फेब्रुवारीत ग्रेगरी सँटोस सिॲटलला. उरलासुरला मायकेल कोपेक आणि टॅनर बँक्स यांनाही जुलै २०२४ च्या अखेरीस निरोप मिळाला. कोपेकने त्याच शरद ऋतूत लॉस एंजेलिसकडून वर्ल्ड सिरीजचे विजेतेपद मिळवले. पुनर्बांधणी करणारा संघ रिलीव्हर, म्हणजे बुलपेनमधले पिचर, विकतो, त्यात गैर काही नाही, कारण हरणाऱ्या संघाला भक्कम क्लोझरचा (शेवटची इनिंग सांभाळणाऱ्या पिचरचा) उपयोग लग्न मोडलेल्या घरी मांडव असावा तसा असतो. पण मग सातव्या इनिंगला येणारा माणूस कोण असणार, हे त्या विक्रीच्या दिवशीच ठरलेले असते. मॅनेजर फोन उचलतो तेव्हा पलीकडे जे असतात त्यांच्यातूनच त्याला निवड करावी लागते.

आणि निवड वाटते तितकी मोठीही नसते. संघात २६ खेळाडू असतात आणि त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. सुरुवातीचे पाच बाजूला काढले तर उरतात आठ. काल आणि परवा, दोन्ही दिवस टाकलेला माणूस आज शक्यतो उतरवायचा नसतो. काल ज्याने पस्तीस चेंडू टाकले तोही नाही. जो काल मैदानात आलाच नाही, पण दोनदा उठून हात गरम करून पुन्हा बसला, त्याला स्कोअरकार्डवर विश्रांती दिसते. हाताला मात्र ती मिळालेली नसते. चांगल्या संघात अशी गाळणी लावल्यावर तीन-चार विश्वासाची नावे उरतात. दर दुसऱ्या दिवशी सुरुवातीचा पिचर पाचव्या इनिंगच्या आत बाहेर येणाऱ्या संघात कधी एक उरते, कधी एकही नाही. त्यातून खालच्या लीगमध्ये परत पाठवलेला पिचर, कुणी दुखापतग्रस्त झाल्याखेरीज, पंधरा दिवस परत बोलावता येत नाही. त्यामुळे एखाद्या दिवशी मॅनेजर मार खाणाऱ्या पिचरला तसाच उभा ठेवतो, तेव्हा स्टँडमध्ये त्याचा अर्थ ‘याला सामन्याची पर्वाच नाही’ असा लावला जातो, आणि तो बिचारा उद्याच्या आणि परवाच्या सामन्यांसाठी तीन हात वाचवत असतो. अशा वेळी धावफलकाकडे न पाहता मालिकेचे किती सामने शिल्लक आहेत ते पाहावे, म्हणजे पुष्कळदा उलगडा होतो.

आता एक गोष्ट मात्र चाहत्यांना ऐकायला आवडत नाही. २०२४ च्या व्हाइट सॉक्सला पिचिंगने बुडवले, हे पूर्ण सत्य नाही. त्या संघाने १६२ सामन्यांत ८१३ धावा दिल्या, म्हणजे सामन्याला साधारण पाच. हा आकडा वाईट आहे, पण कोलोरॅडोने त्या वर्षी याहून पुष्कळ जास्त धावा देऊनही इतके सामने हरले नाहीत. व्हाइट सॉक्सने काढलेल्या धावा होत्या ५०७, सामन्याला तीनपेक्षा जेमतेम जास्त, आणि लीगची सरासरी सुमारे ४.४ होती. इतक्या कमी धावा दुसऱ्या कुठल्याही संघाने काढल्या नाहीत. क्रोशेच्या त्या पहिल्याच सामन्यात त्याने सहा इनिंगांत एकच धाव दिली, आठ फलंदाज स्ट्राइकआउट केले, आणि संघ डेट्रॉइटकडून १-० असा हरला. पुढचे सहा महिने त्या एका संध्याकाळी कळून आले होते.

काढलेल्या आणि दिलेल्या धावांवरून संघाने किती सामने जिंकायला हवे होते, याचा एक जुना, ढोबळ पण भरवशाचा हिशेब आहे : दोन्ही आकड्यांचे वर्ग करायचे आणि काढलेल्या धावांच्या वर्गाला दोन्ही वर्गांच्या बेरजेने भागायचे. ५०७ आणि ८१३ घेऊन तो केला की उत्तर येते २८ टक्के, म्हणजे १६२ पैकी सुमारे ४५ विजय. प्रत्यक्षात झाले ४१ विजय आणि १२१ पराभव. मॅनेजरचे चुकलेले बदल, रिलीव्हरचा ढिसाळपणा, शेवटच्या इनिंगमधील दुर्दैव, हे सगळे एकत्र केले तरी फरक चार सामन्यांचा पडतो. काही दिलेल्या धावांतही मॅनेजरचा वाटा असणार, म्हणून हे माप त्याला थोडे झुकते आहे, हे मान्य. तरीही चारऐवजी आठ धरले तर १२१ चे ११३ होतात, आणि ११३ पराभवांचा संघ पाहायला आपण आनंदाने गेला असता असे मला वाटत नाही.

मॅनेजर निर्दोष असतात असे मला म्हणायचे नाही. पिचिंग बदलाच्या चुका खऱ्या असतात, फक्त त्या जिथे दिसतात तिथे नसतात. तीन प्रसंग आठवतात.

१६ ऑक्टोबर २००३, यांकी स्टेडियम, अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना. बोस्टन ५-२ ने पुढे, आणि सात इनिंगमध्ये १०० चेंडू टाकून झालेला पेड्रो मार्टिनेझ आठव्या इनिंगसाठी परत आला. एक बाद झाल्यावर यांकीजच्या जीटरचा डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका), बर्नी विल्यम्सची एकेरी, ५-३. बोस्टनचा मॅनेजर ग्रेडी लिटल टेकडीवर (पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर) गेला, पेड्रोशी बोलला आणि त्याला तिथेच ठेवून परत आला. मग मात्सुईचा डबल, पोसाडाचा डबल, ५-५. पेड्रो १२३ चेंडूंवर थांबला, अकराव्या इनिंगमध्ये यांकीजच्या ॲरन बूनने होमरन मारला आणि लिटलची नोकरी गेली. लोक आजही म्हणतात की चूक पेड्रोला जास्त वेळ ठेवण्याची होती. मी म्हणतो, चूक ॲलन एम्ब्री आणि माइक टिमलिन या रिलीव्हरना न आणण्याची होती, कारण ते दोघे त्या संपूर्ण ऑक्टोबरात जवळजवळ अभेद्य होते. बुलपेनमध्ये कुणी नसते तर पेड्रोला ठेवणे समजण्यासारखे होते.

२७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, आर्लिंग्टन. टॅम्पा बे १-० ने पुढे. त्यांच्या ब्लेक स्नेलने ७३ चेंडूंत नऊ फलंदाज स्ट्राइकआउट केले होते. सहाव्या इनिंगमध्ये एक बाद असताना त्याने दुसरी हिट दिली आणि मॅनेजर केव्हिन कॅशने त्याला काढले. आकडेशास्त्राचे कारण असे की एकाच सामन्यात तिसऱ्यांदा समोर आलेला फलंदाज त्याच पिचरला लक्षणीयरीत्या चांगले खेळतो, कारण तोवर त्याची नजर चेंडूच्या वळणाला आणि वेगाला सरावलेली असते, आणि पुढे लॉस एंजेलिसचा मुकी बेट्स तिसऱ्यांदा येणार होता. तत्त्व खरे आहे. पण त्या रात्री बेट्स, सीगर आणि टर्नर या पहिल्या तिघांनी स्नेलसमोर सहा वेळा येऊन सहाही वेळा स्ट्राइकआउट स्वीकारला होता, आणि कॅशने आणलेल्या निक अँडरसनने त्याआधीच्या सलग सहा पोस्टसीझन (हंगामानंतरच्या बाद फेरीच्या) सामन्यांत धावा दिल्या होत्या. बेट्सचा डबल, मग वाइल्ड पिच (कॅचरला अडवता न आलेला स्वैर चेंडू), मग एक ग्राउंडर (जमिनीवरून गेलेला फटका), आणि दोन धावांत सामना उलटला. कॅश त्याच वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला, आणि मला तो निवाडा आजही चुकीचा वाटत नाही. त्याचे स्नेलला काढणे समर्थनीय होते. अँडरसनला आणणे नव्हते.

तिसरा प्रसंग ४ ऑक्टोबर २०१६ चा, टोरंटोचा. बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटनने त्या हंगामात ४७ पैकी ४७ सामने वाचवले होते, म्हणजे निसटती आघाडी शेवटपर्यंत राखली होती, आणि त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगांमागे पिचरच्या नावे लागणाऱ्या धावा) ०.५४ होता. बरोबरीत चाललेल्या त्या बाद फेरीच्या सामन्यात मॅनेजर बक शोवॉल्टरने त्याला आघाडी मिळेपर्यंत राखून ठेवले. आघाडी मिळाली नाही. अकराव्या इनिंगमध्ये उबाल्डो हिमेनेझच्या चेंडूवर टोरंटोच्या एन्कार्नासिओनने तीन धावांचा होमरन मारला आणि ब्रिटन बुलपेनमध्येच बसून राहिला. या एका निर्णयाबद्दल मात्र मी शोवॉल्टरची बाजू घेऊ शकत नाही, एरवी त्याच्याविषयी मला कितीही आदर असला तरी.

तिन्ही प्रसंगांत मॅनेजरचे जे चुकले ते दाराआड चुकले, कोण तयार आहे आणि कोण नाही या हिशेबात. म्हणून स्टँडमध्ये बसल्यावर माझी नजर पाचव्या इनिंगपासून बुलपेनवर असते. रिलीव्हरला नीट तयार व्हायला वीसपंचवीस चेंडू आणि आठदहा मिनिटे लागतात. २०२३ मध्ये पिच क्लॉक (प्रत्येक चेंडूसाठी वेळेची मर्यादा घालणारे घड्याळ) आल्यापासून पिचरला रेंगाळून वेळ काढता येत नाही, आणि २०२४ पासून टेकडीवर जाण्याच्या भेटी सामन्याला चारच उरल्या आहेत. पिचिंग कोच चालत टेकडीकडे निघतो तेव्हा तो पिचरला काही मौलिक सांगायला निघालेला असतो असे समजू नये. बहुतेक वेळा तो बुलपेनसाठी अर्धा मिनिट विकत घेत असतो. दोन फलंदाज बेसवर पोहोचल्यानंतर जर बुलपेनमध्ये पहिला माणूस उठत असेल, तर मॅनेजर उशिरा जागा झाला आहे. ही चूक कुठल्याही संघाच्या पैशांच्या अडचणीने माफ होत नाही.

पिचर थकल्याची खूणही चेंडूंच्या संख्येत नसते. शंभर हा आकडा सोयीचा आहे, इतकेच. फास्टबॉलचा वेग ताशी दीडदोन मैलांनी उतरणे, हात सोडण्याची जागा खाली येणे, चेंडू फेकणाऱ्या हाताच्या बाजूला उंच निसटणे, बाजूला वळणारा स्लायडर चेंडू प्लेटच्या (फलंदाजासमोरच्या पाटीच्या) मधोमध लोंबकळणे, आणि सगळ्यांत आधी, कॅचरचा मिट जिथे धरलेला आहे तिथून फूटभर सरकून चेंडू घ्यायला लागणे. हे शिकण्यासाठी मी जी किंमत मोजली ती सांगायला संकोच वाटतो. बारा वर्षांखालील मुलांच्या एका उपांत्य सामन्यात आमचा पिचर ७१ चेंडूंवर होता. लिटल लीगची त्या वयाची मर्यादा ८५ आहे, म्हणून मी निश्चिंत होतो. त्याला विचारले, तो म्हणाला, ‘मी ठीक आहे, कोच.’ बारा वर्षांचा मुलगा दुसरे काय म्हणणार? कॅचर तीन फलंदाजांपासून चेंडूमागे धावत होता आणि मी हातातल्या मोजणीयंत्राकडे पाहत होतो. सामना गेलाच, शिवाय त्या मुलाचा कोपर दुखू लागला आणि त्याला तीन आठवडे चेंडू धरता आला नाही. त्याच्या आईने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, ते अधिक लागले.

ग्रिफोलकडे परत येतो. त्याच्या कारभारात माझ्या नजरेला खुपलेली गोष्ट पिचिंगची नव्हतीच. मे महिन्यात एका पराभवानंतर त्याने आपला संघ मरगळलेला खेळला असे पत्रकारांसमोर जाहीरपणे सांगितले. हरणाऱ्या संघात खेळाडूंचा विश्वास हीच मॅनेजरची एकमेव स्वतःची शिल्लक असते. बाकी सर्व वरून आलेले असते. ती शिल्लक उघड्यावर खर्च केल्यावर उरले काय? त्याला काढणे मला चुकीचे वाटले नाही. ज्यांना वाटले की त्याला काढल्याने सामने जिंकता येतील, त्यांचे मात्र चुकले. सलग २१ पराभवांची मालिका ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये तुटली, ८ ऑगस्टला तो गेला, तेव्हा संघ २८-८९ होता. सायझमोरच्या हाताखाली १३-३२. २७ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये आधुनिक काळातला विक्रमी १२१ वा पराभव झाला, तेव्हा ग्रिफोल डगआउटमध्ये नव्हता. शिकागोच्या मैदानावर त्या महिन्यात ज्या घोषणा उठल्या त्या मालक जेरी राइन्सडॉर्फने संघ विकावा अशा होत्या. म्हणजे दर वेळी बुलपेनच्या दारावर हुर्यो करणाऱ्या प्रेक्षकांनाही शेवटी वरचा मजला दिसलाच.

याची जुनी जोड १९८८ च्या बाल्टिमोरची आहे. सहा सामने हरल्याबरोबर त्यांनी मॅनेजर कॅल रिपकेन सीनियरला काढले, तेही त्याची दोन मुले त्याच संघात खेळत असताना. त्याच्या जागी आलेला फ्रँक रॉबिन्सन हा खेळातल्या थोर माणसांपैकी एक, आणि तो पुढचे सलग पंधरा सामने हरला. ०-२१. मेच्या आरंभी संघ १-२३ अशा अवस्थेत घरी परतला तेव्हा मात्र मैदानात ५०,४०२ लोक स्वागताला हजर होते, आणि ही गोष्ट मी माझ्या खेळाडूंना जितक्या वेळा सांगितली आहे तितक्या वेळा त्यांनी डोळे फिरवले आहेत.

२०२५ मध्ये नवा मॅनेजर विल व्हेनेबल याच्या हाताखाली व्हाइट सॉक्सने ६० सामने जिंकले. एकोणीस विजय वाढले ते मुख्यतः खेळाडू बदलल्यामुळे : क्रोशेच्या बदल्यात आलेले काइल टील आणि चेस माइड्रॉथ फलंदाजीला उतरले, आणि रूल ५ च्या निवडीतून (दुसऱ्या संघाने राखून न ठेवलेले खालच्या लीगमधले खेळाडू उचलण्याच्या सोयीतून) जवळपास फुकट मिळालेला पिचर शेन स्मिथ ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला. तरीही १०२ पराभव झाले आणि बुलपेनने त्यातले काही घालवलेच. पुढच्या वेळी आपण मुलाला घेऊन मैदानावर जाल तेव्हा, शक्य असेल तर, बुलपेन नीट दिसेल अशा जागेची तिकिटे काढा. पाचव्या इनिंगनंतर कोण उठतो, किती वेळ टाकतो, पुन्हा बसतो का, हे मुलाला कागदावर टिपायला सांगा. महिन्याभराने तो आपल्याला आणि मलाही सांगू शकेल की व्हेनेबलवर केव्हा ओरडायचे.